पाटकरी कोणाचा?

पाटबंधारे खात्याच्या नोकरवर्गात 'पाटकरी' नावाचे एक पद आहे. कालवा निरीक्षकाच्या हाताखाली राहून दारे उघडणे-मिटणे, पाट कुठे फुटला आहे का ते पाहत हिंडणे, कोणी चोरून पाणी घेत असल्यास वर कळवणे ही त्याची कामे. पगार सरकारचा, हुकूम सरकारचा आणि बदलीही सरकारच्या मर्जीची. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी, म्हणजे आजच्या धुळे व नाशिक जिल्ह्यांत, हा शब्द त्याच्या पुष्कळ आधीपासून नांदत होता. तेथील पाटकऱ्याचे कामही जवळपास हेच होते. मात्र त्याला नेमणारे, हंगामअखेर त्याच्या पदरात धान्य घालणारे आणि कामात कसूर झाल्यास त्याला घरी बसवणारे शेतकरी होते. शब्द तोच राहिला, काम तेच राहिले आणि धनी बदलला. सामायिक संपत्तीच्या महाराष्ट्रातील इतिहासाचा फार मोठा भाग या एका नामाच्या अर्थांतरात साठलेला आहे, असे आम्हांस वाटते. तो केवळ अर्थशास्त्राच्या आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासकांवर सोपवून साहित्याच्या लोकांनी स्वस्थ बसावे, हे काही बरे नाही.

हा विषय आमच्यासमोर आला तो वारज्यामुळे. मुठेच्या डाव्या तीरावरचे हे गाव १९९७ साली पुणे महापालिकेत आले. त्याआधी ते नदी, कालवा आणि टेकडी यांच्या बेचक्यात वसलेले एक शेतकरी गाव होते. गावाच्या वरच्या अंगाला, काही कोसांवर, खडकवासल्याचे धरण. त्याचे काम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७९ मध्ये पुरे झाले. कर्नल फाइफ यांच्या योजनेतून ते उभे राहिल्यामुळे त्याच्या जलाशयाला इंग्रजी कागदांत 'लेक फाइफ' म्हणत. तेथून दोन कालवे निघाले. उजवा लांबचा, पूर्वेकडे दुष्काळी मुलखात जाणारा. डावा आखूड, वारजे-कोथरूडच्या अंगाने खडकीकडे जाणारा. उजवा अजून वाहतो. डाव्याचे शहरातले पात्र कोरडे पडले, बुजले, आणि त्याच्या काही भागावरून आता वाहने धावतात. कर्वेनगर-वारजे परिसरात पत्ता सांगताना लोक सहजपणे 'कॅनॉल रोड' म्हणतात. कॅनॉल कुठे आहे असा प्रश्न त्या नावाखाली राहणाऱ्या नव्या पिढीला पडत नाही. नावे ही अशी वस्तूंपेक्षा दीर्घायुषी असतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे साक्षीदार म्हणून पाहता येते.

अशा साक्षीदारांपैकी सर्वांत बोलका शब्द 'फड'. मराठी वाचकाला तो कुस्तीमुळे माहीत असतो, तमाशामुळे माहीत असतो, उसाच्या तोडणीमुळे माहीत असतो. 'फडणीस' या आडनावातही तो बसलेला आहे. तेथे फड म्हणजे राज्याच्या हिशेबाची कचेरी. या सर्व अर्थांना जोडणारा धागा असा की अनेक माणसे एका ठिकाणी जमून, ठरलेल्या शिस्तीने, एक काम करतात. खानदेशातील फड याच कुळातला. नदीत बंधारा घालून अडवलेले पाणी पाटाने ज्या जमिनीवर न्यायचे त्या जमिनीचे मोठमोठे तुकडे पाडलेले असत, आणि अशा प्रत्येक तुकड्याला फड म्हणत. एका फडात अनेकांची शेते, पण एका हंगामात एका फडात पीक एकच. या फडात ऊस, त्या फडात गहू-हरभऱ्यासारखे हंगामी पीक, तिसरा पडीक. पुढच्या वर्षी फेरपालट. ही व्यवस्था तीन-चारशे वर्षांची मानली जाते. मुख्य पाटापासून चाऱ्या, चाऱ्यांपासून शेतातल्या सारंगा, आणि जास्तीचे पाणी परत नदीला नेऊन सोडणारे सांडवे, अशी तिची रचना होती. प्रत्येक अवयवाला स्वतःचे मराठी नाव होते. ज्या समाजाला एखाद्या गोष्टीच्या बारकाव्यांसाठी वेगळाले शब्द लागतात, त्या समाजाची ती गोष्ट रोजच्या हाताळणीतली असते, एवढे भाषेच्या विद्यार्थ्याला निराळे सांगावयास नको.

या रचनेतले मर्म मात्र पाटात किंवा चारीत नाही. ते जमिनीच्या विभागणीत आहे. साधारणतः प्रत्येक शेतकऱ्याचे थोडे थोडे शेत प्रत्येक फडात असे. पाऊस कमी झाला, बंधाऱ्यात पाणी बेताचे आले, तर पंच बसून ठरवीत की यंदा अमुक फडालाच पाणी द्यायचे, अमुक फड कोरडा ठेवायचा. कोरड्या फडात सगळ्यांचेच शेत असल्याने तोटा सगळ्यांना सारख्या प्रमाणात, आणि भिजणाऱ्या फडातही सगळ्यांचेच शेत असल्याने निदान पोटापुरते सगळ्यांच्या घरी. टंचाई वाटून घ्यायची ही युक्ती आम्हांला फार मोठी वाटते. सुकाळातले पाणी वाटणे सोपे असते. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याचे रडगाणे आपण महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात ऐकतो. वरचे पाणी ओढून घेतात, खालचे कोरडे राहतात. फडात वरचा आणि खालचा हा एकच मनुष्य असे. त्याला स्वतःशीच भांडण करावे लागले असते.

आता माणसे. पंचांच्या हाताखाली हवालदार. त्याने बंधारा आणि सर्व फडांवर देखरेख ठेवायची. त्याच्या खाली पाटकरी. त्याने पाणी प्रत्यक्ष शेतात द्यायचे. आणि जागल्या, त्याने उभ्या पिकाची गुराढोरांपासून, चोराचिलटांपासून राखण करायची. शेतकऱ्याने रात्री-बेरात्री उठून आपल्या शेताकडे पाणी वळवायचे नाही, हा दंडक होता; पाणी पाटकऱ्याच्याच हातून येणार. एका फडात एकच पीक असल्यामुळे त्याला क्रमाने, शेतामागून शेत, भिजवत जाता येई. कोणाच्या शेताला कमी, कोणाच्या शेताला जास्त अशी तक्रार उद्भवलीच तर ती पंचांपुढे. पावसाळा सरला की पाट उपसायला, बंधाऱ्याची डागडुजी करायला प्रत्येक घरातून माणूस यायचा. यांपैकी कशासाठीही सरकारी ठरावाची गरज पडली नाही. मराठे गेले, इंग्रज आले, तरी पाटकरी आपला पाट फिरत राहिला.

याच पांझरेच्या परिसरात १८८४ नंतर एक तरुण अभियंता कामाला आला. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून नुकताच उत्तीर्ण झालेला, मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नेमलेला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. धुळ्याकडे पांझरेच्या पाण्यासाठी सायफन बांधण्याचे काम त्यांच्या उमेदवारीच्या काळातले. पुढे ते पुण्यास आले, आणि खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी आपल्या कल्पनेने तयार केलेले स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी एका पातळीवर चढले की दारे आपोआप उघडावीत आणि उतरले की मिटावीत अशी ती योजना. तिने धरणाची उंची न वाढवता सुमारे आठ फूट जादा पाणी साठवता आले. याच सुमारास, १८९९ नंतर, दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी 'ब्लॉक' पद्धत मांडली. विखुरलेल्या शेतांना मागेल तसे पाणी देण्याऐवजी गावोगाव जमिनीचे गट आखायचे, गटातील ठरावीक हिस्साच उसाला द्यायचा, बाकीच्यात हंगामी पिके घ्यायची आणि फेरपालट करायची. नीरा कालव्यावर ती अमलात आली. तिचे आणि फडाचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे.

साम्य आहे म्हणूनच भेद पाहणे उद्बोधक ठरते. फडाकडून घ्यावे असे जे जे जमिनीवर दिसत होते ते ते ब्लॉकमध्ये आले: गट आले, पीक-मर्यादा आली, फेरपालट आली. जे जमिनीवर दिसत नव्हते ते राहून गेले. गट कोणता, पीक किती, पाणी केव्हा हे आता खाते ठरवू लागले. पंच गेले. हवालदार गेला, त्याच्या जागी कालवा निरीक्षक आला. पाटकरी राहिला, पण सरकारी होऊन राहिला. विश्वेश्वरय्यांच्या बुद्धिमत्तेविषयी आणि निष्ठेविषयी आमच्या मनात आदरच आहे. त्यांच्या पद्धतीमुळे पाण्याची उधळपट्टी आणि जमीन पाणथळ होणे यांना काही आळा बसला, हेही खरे. तथापि सांडव्याचे दार आपोआप उघडावे आणि मिटावे, ही कल्पना आणि माणसांनीही तसेच वागावे ही अपेक्षा यांत काही नाते असावे, असा विचार मनात येतो खरा. पाणी पातळीला मान देते. माणसे नियमाला मान देतात, पण तो नियम करताना आपल्याला कोणी विचारले होते काय, हे ती विसरत नाहीत.

हा विचार विश्वेश्वरय्यांच्या आधीच एका मराठी लेखकाने, त्याच खडकवासल्याच्या पाण्यासंबंधाने, निराळ्या रीतीने मांडून ठेवला होता. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचा, म्हणजे धरण पुरे झाल्यानंतर अवघ्या चार वर्षांचा. आपण तो सामाजिक विद्रोहाचा ग्रंथ म्हणून वर्गात शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात पाटाच्या पाण्याविषयी जे आहे त्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. कालव्याच्या लाभक्षेत्रात, मांजरी येथे, फुल्यांची स्वतःची शेती होती. ते ऐकीव लिहीत नव्हते. अंमलदार पाणीपट्टी पुरी घेतात, पण ऐन वेळी पाणी पुरवण्याची हमी घेत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. आणि प्रत्येक शेतकऱ्यास मापाने पाणी मिळेल अशी तोटी का बसवून देऊ नये, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. या सवालाकडे बारकाईने पाहिले तर त्यात पंचांची आठवण नाही. फुले गावकीकडे परत जा असे म्हणत नाहीत. त्यांना गावकी कोणाच्या हातात असते ते पुरते माहीत होते. त्यांना हवा आहे तो मोजता येणारा, मागता येणारा हक्क.

त्याच ग्रंथात गायरानांचा आणि रानांचा प्रश्न आहे. ज्यांच्या शेतात वर्षाचे भागत नसे असे गरीब शेतकरी पूर्वी आसपासच्या रानातील फळे, पाने, लाकूडफाटा यांवर आणि गावच्या गायरानात दोन जनावरे राखून कसेबसे निभावत. सरकारने जंगलखाते काढून डोंगर, दऱ्या आणि गायराने त्यात घातली आणि तो आधार तुटला, असे फुले सांगतात. हे त्यांनी लिहिले तेव्हा १८७८ चा वनकायदा होऊन पाच वर्षे झाली होती. सामायिक संपत्तीच्या विनाशाचे यापेक्षा आधीचे आणि यापेक्षा स्वच्छ वर्णन मराठी गद्यात आम्हांला आढळलेले नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ते नाही, याला आपणही थोडे जबाबदार आहोत.

अर्थशास्त्राची पुस्तके निराळीकडून सुरू होतात. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. कुरण सर्वांचे असेल तर प्रत्येक गुराखी एकेक जनावर वाढवत जाईल, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि झीज सर्वांची. अखेर कुरण नष्ट होईल. म्हणून एक तर वाटण्या करून खासगी करा, नाही तर सरकारच्या हाती द्या. हा निष्कर्ष जगभर पोपटपंची व्हावी इतका लोकप्रिय झाला. त्यात उणीव एवढीच होती की हार्डिनच्या कुरणावरचे गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत. एलिनॉर ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी मात्र जगातली खरीखुरी कुरणे, पाट, मासेमारीची ठिकाणे यांच्या नोंदी जमवल्या, १९९० साली त्यांवर ग्रंथ लिहिला, आणि २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री ठरल्या. माणसे बोलतात, नियम करतात, राखणदार नेमतात, पहिल्या चुकीला थोडा आणि पुढच्याला जास्त दंड करतात, आणि अशी व्यवस्था शतकानुशतके चालते, हे त्यांनी दाखवले. स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात पाटांच्या शेतकऱ्यांनी निवडलेले पंच बसतात आणि पाण्याचे तंटे तोंडी ऐकून तिथल्या तिथे निकाल देतात. वकील नाही, लेखी अर्ज नाही. पांझरेच्या काठच्या हवालदाराला तो देखावा परका वाटला नसता.

येथे थांबता आले असते तर लेख सोपा झाला असता. गावचे गावाकडे होते तेव्हा सारे गोमटे होते, मग सरकार आले आणि बिघडले, अशी गोष्ट सांगून मोकळे होता आले असते. आणि अलीकडे ती बऱ्याच ठिकाणी तशी सांगितलीही जाते. ऑस्ट्रॉम यांच्या सूत्रांपैकी पहिलेच सूत्र असे आहे की सामायिक गोष्टीवर हक्क कोणाचा आणि कोणाचा नाही, याची सीमा स्पष्ट हवी. मराठी मुलखात ती सीमा फारच स्पष्ट होती. ती जातीने आखलेली होती. फडात पाण्याचा हक्क जमिनीबरोबर येई. ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही. गावची राखण, निरोप, सांडणी ही कामे बलुतेदारीच्या चौकटीत ज्यांच्या गळ्यात पडली होती त्यांना गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता. 'गावकी' या शब्दात सहकार्य होते आणि बहिष्काराचे हत्यारही होते. एकाच शब्दात दोन्ही.

म्हणून २० मार्च १९२७ ही तारीख या विषयाच्या इतिहासात मध्यावर ठेवावी लागते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळाने संमत केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे कागदावर नोंदवलेही होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दिवशी तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले तेव्हा तो ठराव कागदावरून पाण्यापर्यंत पोचला. पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातील एकच तपशील आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. तळ्यावरचा हक्क नाकारण्यासाठी जो दावा दाखल झाला त्यात म्हटले होते की हे तळे सार्वजनिक नाहीच, ते स्पृश्यांच्या खासगी मालकीच्या स्वरूपाचे आहे. शेकडो वर्षे 'गावचे' म्हणवले गेलेले पाणी, गावातल्या सर्व माणसांनी आपले म्हणताच, एका दिवसात खासगी झाले! १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. 'गावचे' या षष्ठीचा खरा अर्थ काय, हा प्रश्न त्या दहा वर्षांत न्यायालयात लढवला गेला, असे व्याकरणाच्या भाषेत म्हणता येईल.

त्या प्रश्नाचे शेतीच्या पाण्यापुरते उत्तर पुरंदर तालुक्यात शोधले गेले. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी खडी फोडणारी माणसे पाहिली आणि त्यांना वाटले की या श्रमातून रस्त्याची खडी होण्याऐवजी पाणी अडले पाहिजे. नायगाव येथे देवस्थानाची सुमारे चाळीस एकर उजाड जमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी तेथे मुक्काम ठोकला, ताली घातल्या, पाझर तलाव आणि विहीर केली. त्यातून ग्रामगौरव प्रतिष्ठान आणि पुढे 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिचे नियम आम्हांला एखाद्या चांगल्या निबंधाइतके विचारपूर्वक लिहिलेले वाटतात. पाणी माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि कुटुंब कितीही मोठे असले तरी अडीच एकरांपलीकडे नाही. ऊस नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकले जात नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा, तो दुसऱ्याची जमीन कसून वापरावा. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी स्वतः भरायचा. आणि रोजचे पाणी देण्यासाठी गटाने आपल्यातूनच एक मनुष्य नेमायचा. त्याला ते म्हणत पाटकरी.

शब्द परत आला, पण होता तिथे आला नाही. पांझरेकाठचा पाटकरी जमीनधारकांचा होता. खडकवासल्याचा सरकारचा झाला. पुरंदरचा माणसांच्या संख्येचा झाला. फडाकडून टंचाई वाटून घेण्याची रीत आली, फुल्यांकडून मोजता येणारा हक्क आला, आणि महाडहून आले ते हे की मोजताना आधी माणसे मोजायची, मग जमीन. साळुंख्यांनी हे सारे वाचून, जुळवून केले असा आमचा दावा नाही. पण एका प्रदेशात प्रश्न विशिष्ट क्रमाने विचारले गेले असतील तर उत्तरेही त्याच मातीत रुजतात. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने जे धरण उभारले त्याची कथा अशीच. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोक म्हणाले, नदी आमची तर वाळू आमची, आणि थोडी वाळू विकून त्यांनी बांधकामाला पैसा उभा केला. पाणी भूमिहीनांसह सर्वांना समान. धरणाचे नाव बळीराजा. ज्याने फुले वाचले आहेत त्याला या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही.

साळुंखे २००२ साली गेले. २००५ मध्ये महाराष्ट्राने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला आणि पाणीवापर संस्थांना कायदेशीर रूप दिले. नाशिककडे वाघाड धरणावर शेतकऱ्यांनी अशा संस्था त्याआधीच चालवून दाखवल्या होत्या. पुष्कळ ठिकाणी मात्र संस्था कागदावर नोंदल्या गेल्या आणि दाराची किल्ली खात्याकडेच राहिली. फड तर बहुतेक विरलेच. वर नवी धरणे झाली, नदीचा बारमाही झरा आटला, ज्याला जमले त्याने विहीर खणून वीजपंप बसवला. आणि ज्याच्याकडे स्वतःची विहीर आहे त्याला पंचांच्या बैठकीला जायचे कारण उरत नाही.

पुन्हा वारज्याकडे वळण्याचे कारण असे की शहरात हा प्रश्न संपला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांतले पाणी पुण्याला किती आणि दौंड-इंदापूरच्या शेताला किती, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. बातमीत त्याला 'आवर्तन' म्हणतात. शेतकरी त्यालाच 'पाळी' म्हणतो. पाळी माणसाची असते, आवर्तन पाण्याचे असते. 'माझी पाळी' म्हणता येते, 'माझे आवर्तन' म्हणता येत नाही. नळाच्या टोकाला बसलेले आम्ही शहरवासी तर 'पाळी'ही म्हणत नाही. 'आज पाणी येणार नाही' एवढेच म्हणतो, जणू पाणी हा पाहुणा आहे.

टेकडीचे थोडे निराळे आहे. वारज्याची टेकडी वनखात्याची. सुमारे चाळीस एकरांच्या उजाड जागेवर वनखाते, एक स्वयंसेवी संस्था आणि नागरिक यांनी मिळून देशी झाडे लावली, तळी केली, राखण केली. आणि ५ जून २०२० रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी देशातील दोनशे शहरांत 'नगर वन' उभारण्याची योजना जाहीर करताना वारज्याचे उदाहरण पुढे ठेवले. हे काम चांगले आहे, यात शंका नाही. सकाळी तेथे चालायला जाणाऱ्यांत आम्हीही असतो. मात्र शेजारच्या मावळ-मुळशीतील देवराईशी त्याची तुलना करू लागले की एक अंतर जाणवते. व. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात देवराया हिंडून ज्या नोंदी केल्या त्यांत नियम कडक होते, वाळकी काटकीही उचलायची नाही इतके कडक, पण ते नियम त्या गावाने आपल्यावर घातलेले होते. नगर वनात नागरिक झाड लावतो, पाणी घालतो, वर्गणी देतो. फाटक केव्हा उघडावे, कोणते झाड लावावे, खालच्या वस्तीतल्या बाईने पडलेले सरपण न्यावे की नाही, हे तो ठरवत नाही. ती बाईही ठरवत नाही. ज्याला आपण 'लोकसहभाग' म्हणतो त्यात लोकांचा सहभाग श्रमात असतो, निर्णयात क्वचित. फुल्यांनी ज्या जंगलखात्याविषयी लिहिले ते आज पुष्कळ सौम्य झाले आहे. फळ्यावरची भाषा मात्र अजून मनाईची आहे.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) नावाचे गोंड आदिवासींचे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा महाराष्ट्रात बऱ्याच जणांच्या कानी पडलेली असेल. तेथे ग्रामसभेतले निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचा विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो. सभेआधी अभ्यास गटात त्या विषयाची चर्चा होते, म्हणजे तेही एक प्रकारचे वाचनमंडळच. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायची वेळ आली तेव्हा अडचण उभी राहिली ती एका शब्दाचीच. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू 'झाड' होता, आणि झाडावर खात्याचा हक्क. नव्या कायद्यात तो 'गौण वनोपज' होता, आणि त्यावर ग्रामसभेचा हक्क. बांबूचा ट्रक नाक्यावरून पुढे जाण्यासाठी वाहतूक परवाना लागे, आणि तो परवाना लिहून देण्याचा अधिकार खात्याचा. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि त्यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. तेव्हापासून मेंढ्याच्या बांबूचा परवाना मेंढ्यातच लिहिला जाऊ लागला.